आठ नंबरची दोन घरं

दातवाले ज्या गल्लीत राहत होते तिथे घरं सत्तावीस होती, पण पंधरा ते सत्तावीस नंबरांचं एकही घर तिथे शोधून सापडलं नसतं. उलट एक ते तेरा यांतला प्रत्येक नंबर दोन-दोन दारांवर होता. नवा माणूस हे ऐकून हसायचा. दातवाल्यांना मात्र हे सांगताना हसू येणं कधीच बंद झालं होतं.

झालं होतं ते असं. गल्ली उताराची. वरचं टोक मोठ्या रस्त्याला लागायचं आणि खालचं कालव्याला. जुन्या काळी माणसं नावेतून उतरून गल्लीत शिरत, म्हणून घरांची मोजणी खालून वर होती. पुढे कालव्यातल्या नावा गेल्या, वरच्या रस्त्यावरून बस धावायला लागली, आणि पालिकेतल्या कुणाच्या तरी मनात आलं की आता मोजणी वरून खाली असावी. एका सकाळी दोन माणसं निळ्या पाट्यांची पेटी आणि ड्रिल घेऊन आली आणि वरच्या टोकापासून जुन्या पाट्या उचकटून नव्या लावत निघाली. तेरा घरं झाली. चौदावं शिंप्याचं. ते बरोबर मधोमध, म्हणजे वरून मोजा की खालून मोजा, चौदाच. जुनी चौदाची पाटी काढून त्याच जागी नवी चौदाची पाटी लावायची, या विचाराने दोघांना इतकं हसू फुटलं की ते शिंप्याच्याच पायरीवर पोट धरून बसले. मग जेवून येतो म्हणाले आणि गेले. त्यांचं ते जेवण आता दोन वर्षं चाललं होतं.

अशा रीतीने वरच्या अर्ध्या गल्लीवर नवे एक ते तेरा लागले आणि खालच्या अर्ध्या गल्लीवर जुने एक ते तेरा तसेच राहिले. दातवाल्यांचं घर वरून आठवं. जन्मापासून ते वीस नंबरचं होतं, आता आठ झालं. आणि खाली कालव्याजवळ मास्तरीणबाईंचं घर तर आधीपासून आठच होतं.

दातवाल्यांना याचा जास्त जाच व्हायचा त्याला एक कारण होतं. पाट्या लावणारे आले तेव्हा अख्ख्या गल्लीत एकट्या दातवाल्यांनी स्वतःची शिडी आणून त्यांच्यासाठी धरली होती. स्क्रू वाकडा बसतोय म्हणून दुसरा मागितला होता. पाटी सरळ आहे की नाही हे बुडबुड्याची पाणसळ लावून बघितलं होतं. शेजारचे कुरकुरत होते, तर हेच त्यांना समजावत होते, "अहो, शहर वाढतं तसं नियम बदलतात. आपण साथ दिली तर काम लवकर होतं." हे वाक्य पुढे शिंप्याने त्यांना इतक्या वेळा ऐकवलं, की ते दातओठ खात गल्लीच्या दुसऱ्या कडेने चालायला लागले.

त्यांचा धंदाच असा होता की वाकडंतिकडं खपत नसे. ते कवळ्या बनवायचे. शहरातले सात-आठ दंतवैद्य पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन त्यांच्याकडे पाठवत. दातवाले त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करत, त्यावर मेणाची हिरडी घडवत, एकेक दात बसवत, घासत, चकाकवत. सत्तावन्नाव्या वर्षीही एका केसाइतका दात उंच झाला तर बोटाला कळायचं. पुढच्या खोलीत टेबल, दिवा, घासायची मोटर आणि खिडकीत रांगेने प्लास्टरचे जबडे. रस्त्याने जाणाऱ्याला ते जबडे आपल्याकडे बघून हसताहेत असं वाटायचं. सगळी गल्ली त्यांना दातवालेच म्हणायची; आपलं खरं नाव सही करतानाच आठवतं, असं ते स्वतःच सांगत.

घरात दोघंच. ते आणि त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताई सतरा वर्षांची होती आणि हे नऊ. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली, भावाला वाढवलं, एका दंतवैद्याच्या हाताखाली धंदा शिकायला घातलं. स्वतःचं लग्न आज करू उद्या करू म्हणत राहूनच गेलं. बत्तीस वर्षं तिने कानाला यंत्र लावून अख्ख्या शहराचे फोन जोडून दिले. निवृत्त झाल्यावर भावाचा फोन ताब्यात घेतला. दंतवैद्यांशी बोलायचं ते ताईने. "डॉक्टर, गुरुवार सांगितलाय ना, मग बुधवारी फोन कशाला करता? बुधवारी फोन केल्याने गुरुवार लवकर येतो का?" असं ती म्हणायची आणि पलीकडचा डॉक्टर मुकाट फोन ठेवायचा. दातवाल्यांना बोलणं जमत नसे. तोंडाचं काम करणारे ते, पण स्वतःचं तोंड उघडायला त्यांना जड जायचं. त्या दोघांची वाटणीच तशी होती. हात यांचे, जीभ तिची.

पहिला घोटाळा पाट्या लागल्यावर दोन महिन्यांत झाला. जबड्याचा ठसा ओल्या कापडात गुंडाळून येतो. काही तासांत त्यात प्लास्टर पडलं नाही तर तो आक्रसतो आणि मग त्यावर केलेली कवळी कुणाच्याच तोंडात बसत नाही. कुरियरवाला नवा होता. तो खोकं घेऊन कालव्याच्या बाजूने शिरला, आठ नंबर बघितला आणि मास्तरीणबाईंच्या हातात देऊन गेला. बाईंनी ते उघडलं. आत गुलाबी रबरासारखा कुणाचा तरी वरचा जबडा. त्यांनी ते खोकं पायरीच्या बाहेर ठेवून दिलं ते तिसऱ्या दिवशी शिंप्याने वर आणून पोचवलं.

"कुणाचं तरी तोंड तुमच्याकडे यायचं ते खाली गेलं होतं," शिंपी म्हणाला. "आमच्या चौदाचं बाकी बरं आहे हो. कुणीही कुठूनही येवो, चुकत नाही."

ठसा वाळून खारकेसारखा झाला होता. पेशंटला पुन्हा बोलवावं लागलं. डॉक्टर फोनवर ओरडला, ताईने त्याला उलट सुनावलं, पण पुढच्या महिन्यापासून त्या डॉक्टरची कामं यायची बंद झाली.

ठसा वर आला त्याच संध्याकाळी दातवाले पहिल्यांदा मास्तरीणबाईंच्या दारात गेले. बाई सत्तरीच्या, उंच, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. दार अर्धंच उघडलं.

"बाई, तुमचा नवीन नंबर वीस आहे," दातवाले म्हणाले. "तुम्ही जर ही जुनी पाटी काढलीत तर..."

"तर काय?"

"तर आठ नंबर एकच राहील."

"माझं घर चाळीस वर्षं आठ नंबरचं आहे. तुमचं कधीपासून?"

"दोन महिने झाले, पण पालिकेच्या नियमाने..."

"मग दोन महिन्यांच्याने चाळीस वर्षांच्याला पाटी काढायला सांगायची, हा कुठला नियम?" असं म्हणून बाईंनी दार लावून घेतलं. शाळेतल्यासारखं, आवाज न करता, पण पुन्हा ठोठावायची हिंमत होऊ नये असं.

मग पालिकेच्या खेपा सुरू झाल्या. नंबरांचं खातं तिसऱ्या मजल्यावर. तिथे चष्मा कपाळावर चढवून बसणारा एक कारकून होता. तो वाईट माणूस नव्हता. खुर्ची द्यायचा, पाणी विचारायचा. पण दातवाल्यांनी गल्ली सांगितली की जाडजूड रजिस्टर काढून त्याच ओळीवर बोट ठेवायचा.

"तुमची गल्ली पूर्ण झालीय, काका."

"अहो, अर्धीच झालीय. तेरा घरं."

"इथे सत्तावीस लिहिलंय. काम पूर्ण, तपासणी पूर्ण, सही आहे."

"तुम्ही एकदा येऊन बघा."

"बघायला जायचं तर काम अपूर्ण असायला लागतं. पूर्ण झालेलं काम बघायला कोण जाणार? तशी तरतूदच नाही."

"मग अपूर्ण आहे असं लिहा."

"पूर्ण झालेलं अपूर्ण कसं लिहू? उद्या मला विचारतील, तुम्ही आधी खोटं लिहिलं होतं का?"

दातवाल्यांनी दाताच्या कण्या केल्या. अर्ज दिला. अर्जाबरोबर नकाशा जोडला, तोही मोजपट्टीने आखून. तीन महिन्यांनी उत्तर आलं की सदर गल्लीचं काम पूर्ण झालेलं असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. ते उत्तरसुद्धा मास्तरीणबाईंकडे पडलं आणि शिंप्याच्या हातून वर आलं.

गल्लीतल्या सह्या गोळा करायला ते निघाले तर वेगळीच गंमत. वरच्या बाजूचे म्हणायचे, खालच्यांनी पाट्या बदलाव्यात. खालचे म्हणायचे, वरच्यांनी कुणी सांगितलं होतं बदलायला? वरच्या तीन नंबरचा एकजण तर खूश होता. त्याच्या मागे लागलेले लोक दुसऱ्या तीन नंबरला जाऊन परत जात. आणि शिंपी म्हणाला, "माझी सही कशाला? माझं काय अडलंय?" एकूण सहा सह्या झाल्या. त्यांतली एक ताईची.

"तुला बोलता येत नाही," ताई म्हणाली. "तू असा जातोस की समोरच्याला वाटतं हाच काहीतरी देणं लागतो. पुढच्या आठवड्यात मी येते तुझ्याबरोबर. बघते त्या चष्मेवाल्याला."

तो पुढचा आठवडा आलाच नाही.

मंगळवारची दुपार. दातवाले मोटरवर एक खालची कवळी घासत होते. मोटरच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही. मोटर थांबवली तेव्हा त्यांना मागच्या खोलीत फोनमधून कुणाचा तरी "हॅलो, हॅलो, ताई आहात का?" असा आवाज येताना ऐकू आला. ते आत गेले. ताई फोनच्या खुर्चीत एका बाजूला कलंडली होती. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळल्यासारखा. उजवा हात मांडीवरून लोंबत होता. ती भावाकडे बघत होती आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती, पण घशातून नुसता आवाज येत होता.

त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. गल्लीचं नाव सांगितलं. "आठ नंबर," म्हणाले. आणि लगेच म्हणाले, "वरचा आठ. वरून आठवं घर. खाली दुसरा आठ आहे, तिथे जाऊ नका."

"वरच्या मजल्यावर का?" पलीकडून विचारलं.

"मजला नाही. वरच्या अंगाचा आठ."

"आठ नंबर. ठीक आहे, गाडी निघाली."

त्यांनी ताईला जमिनीवर कुशीवर निजवलं, डोक्याखाली घडी घातलेली चादर दिली आणि दारात जाऊन उभे राहिले. मोठ्या रस्त्याकडे बघत. पाच मिनिटं. सात मिनिटं. मग त्यांना भोंगा ऐकू आला, पण पाठीमागून, खालून, कालव्याच्या बाजूने. तो वर येईना. एकाच जागी वाजत राहिला आणि मग बंद झाला. ताईला सोडून खाली पळावं की इथेच थांबावं? ते दोन पावलं खाली गेले, परत आले, परत चार पावलं गेले.

गल्ली मधे इतकी अरुंद होती की खालून आलेली मोठी गाडी शिंप्याच्या घराच्या पुढे जाऊच शकत नसे. तिला मागे मागे जात कालव्याच्या रस्त्याला लागून, पूल ओलांडून, मोठ्या रस्त्याने वळसा घालून यावं लागलं. दुपारची शाळा सुटायची वेळ. रस्ता भरलेला. गाडी दारात लागली तेव्हा फोन करून तेहतीस मिनिटं झाली होती.

पण गाडीच्या आधी मास्तरीणबाई आल्या. सत्तरीची बाई, तो चढ जवळजवळ पळत चढून आली होती. चपला हातात, केस सुटलेले, श्वास लागलेला. "मी त्यांना सांगितलं, वर जा म्हणून," त्या धापा टाकत म्हणाल्या. "गाडी वळतेय. मी काय करू ते सांगा."

आणि दातवाले, ज्यांचा आवाज शेजारच्या घरात कधी गेला नव्हता, ते ओरडले. "काय करू? पाटी काढा म्हटलं होतं तेव्हा दार लावलंत! आता आलात काय करू विचारायला? चालत्या व्हा इथून!"

बाई आत गेल्या, ताईच्या डोक्याशी बसल्या आणि गाडी येईपर्यंत तिचा डावा हात धरून राहिल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला. दातवाल्यांनी विचारलं, "अर्धा तास आधी आलो असतो तर?" डॉक्टर तरुण होती, खोटं बोलायची सवय अजून लागली नव्हती. म्हणाली, "आधी आलेलं नेहमीच चांगलं. पण किती फरक पडला असता ते कुणीच सांगू शकत नाही." या उत्तराने त्यांना ना धड रागवता आलं ना धड गप्प बसता आलं. तेच उत्तर ते पुढे कित्येक दिवस कवळ्या घासताना मनात उलटसुलट करून बघत राहिले.

ताई महिन्याने घरी आली. काठी धरून न्हाणीपर्यंत जायची. उजव्या हाताने चमचाही धरता येत नव्हता. आणि बोलणं गेलं होतं. अगदी गेलं असतं तर एक वेळ बरं. दोन शब्द उरले होते. "तसं नाही." कशालाही तेच. चहा घेतेस का, तसं नाही, आणि कप पुढे ओढायची. झोप आली का, तसं नाही, आणि डोळे मिटायची. जिने अख्ख्या शहराचं बोलणं जोडून दिलं तिला स्वतःचं एक वाक्य जोडता येत नव्हतं. फोन वाजला की ती आपला डावा हात पुढे करायची, तो वाटेतच थांबायचा आणि ती भिंतीकडे तोंड करायची. दातवाल्यांनी फोन पुढच्या खोलीत नेला. तिला बरं वाटावं म्हणून नेला, पण नेताना ती ज्या नजरेने बघत राहिली त्यावरून हे चुकलं हेही त्यांना कळलं. परत आणून ठेवावा तर तेही जमेना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच दिवसांत आणखी एका डॉक्टरने कामं बंद केली, कारण ताईशिवाय दातवाल्यांशी फोनवर बोलणं म्हणजे त्याला भिंतीशी बोलल्यासारखं वाटत होतं.

ते पालिकेत गेले. या वेळी हॉस्पिटलचे कागद बरोबर होते. चष्मेवाल्या कारकुनाने सगळे वाचले. चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला.

"फार वाईट झालं, काका. असं व्हायला नको होतं."

"आता तरी लिहून घ्या."

"घेतो ना." त्याने फॉर्म काढला, दोन ओळी भरल्या आणि थांबला. "तुमच्या ओळखपत्रावर घर नंबर वीस आहे."

"जुनं आहे. नंबर तुम्हीच बदललात."

"म्हणजे वीस नंबरच्या माणसाची आठ नंबरबद्दल तक्रार. ही घेतली तर वर फेटाळतील. आधी ओळखपत्र बदलून आणा."

"त्याला काय लागतं?"

"नव्या पत्त्याचा काहीतरी पुरावा. विजेचं बिल आणा."

"विजेच्या बिलावर वीसच आहे."

"मग ते बदलून घ्या. त्यांना ओळखपत्र दाखवलं की..." आणि बोलता बोलता ते कारकुनाच्याच लक्षात आलं. त्याने पेनाला टोपण लावलं.

त्यानंतर काय झालं ते दातवाल्यांना नीट आठवत नव्हतं. टेबलावरचं रजिस्टर त्यांनी उचललं होतं. ते जमिनीवर आपटलं होतं. "पूर्ण! पूर्ण! पूर्ण!" असं काहीतरी ओरडले होते. दोन शिपाई आले आणि त्यांनी दंडाला धरून, पण हळूच, घरच्या म्हाताऱ्याला उन्हातून आत नेतात तसं त्यांना जिन्यापर्यंत नेऊन सोडलं. एकजण म्हणाला, "काका, इथे रोज एक तरी असा ओरडतो. घरी जा, पाणी प्या." आपलं ओरडणंसुद्धा रोजचंच आहे हे ऐकून ते जास्त खचले.

घरी न जाता ते उतारावरून सरळ खाली गेले. राग कुणावर काढायचा ते त्यांचं ठरलं होतं. मास्तरीणबाईंनी दार उघडलं. दातवाले तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "आत या. मी तुमची वाट बघत होते."

त्यांनी कपाटातून एक फाईल काढून टेबलावर ठेवली. दातवाल्यांच्या नकाशाहून जाड.

"वाचा," त्या म्हणाल्या.

पहिला अर्ज पाट्या लागल्या त्याच महिन्यातला होता. माझा नवा नंबर वीस आहे, मला नवी पाटी द्यावी. उत्तर होतं की सदर गल्लीचं काम पूर्ण झालेलं आहे. मग पेन्शनच्या कचेरीला पत्र, पत्ता बदलण्याबद्दल. उत्तर, पुरावा जोडावा. मग विजेच्या कचेरीला. मग परत पालिकेला. दीड वर्षांची पत्रं, सगळी वळणदार अक्षरात, सगळ्यांना क्रमांक घातलेले. एकदा मधे तीन महिने पेन्शनच आली नव्हती, कारण कचेरीने अर्धा पत्ता बदलला आणि अर्धा तसाच ठेवला.

"तुम्ही आला होतात त्याच दिवशी मी पेन्शनच्या कचेरीतून आले होते," बाई म्हणाल्या. "सांगायला हवं होतं. पण शिकवणाऱ्या माणसाला आपण नापास झालो हे सांगता येत नाही."

दातवाले खुर्चीत बसले. शेवटच्या पानापर्यंत उलटून त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "मी तुम्हाला चालत्या व्हा म्हटलं."

"म्हटलंत."

"तुम्ही गेला नाहीत."

"तुमची ताई एकटी होती," बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

त्या चहावर जे ठरलं ते अगदी साधं होतं, आणि आजवर कुणाला सुचलं कसं नाही याचाच दोघांना राग आला. सगळे पुढे जायचं म्हणत होते. पुढे जाता येत नसेल तर मागे जावं. वरच्या तेरा घरांनी नव्या पाट्या काढून जुने नंबर लावले की गल्ली पुन्हा एक ते सत्तावीस. पालिकेच्या रजिस्टरात काय लिहायचं ते लिहोत.

दुसऱ्या दिवशी दातवाल्यांनी स्वतःची पाटी उतरवली. तेच स्क्रू, तीच पाणसळ, तीच शिडी. दारावर पांढऱ्या रंगाने वीस लिहिलं. मग बाई आणि ते मिळून वरची बारा घरं फिरले. बोलायचं काम बाईंनी केलं. एक नंबरवाल्याने दार उघडल्याबरोबर त्या म्हणाल्या, "उद्या तुमच्या घरात कुणी पडलं तर गाडी खाली कालव्यापाशी जाणार. चालेल?" त्याने त्याच दुपारी पाटी काढली. दोन दिवसांत दातवाल्यांचं धरून नऊ घरं जुन्या नंबरावर आली. चार अडून बसली. एकाला नवी निळी पाटी आवडत होती. एक म्हणाला, सरकारी वस्तूला हात लावायचा नसतो. तीन नंबरवाल्याने दारच उघडलं नाही. चौथ्या घरात भाडेकरू होते आणि मालक कुठे राहतो ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दातवाल्यांनी त्या चार दारांपुढे डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. गल्ली नीट व्हायची तर सगळी व्हायला हवी होती. चार घरं चुकली म्हणजे चार जणांची ॲम्ब्युलन्स अजून चुकणार. बाई म्हणाल्या, "शंभरातून सत्तर मिळाले की मी मुलांना पास करत असे." दातवाले म्हणाले, "कवळीत सत्तर टक्के चालत नाही, बाई."

ॲम्ब्युलन्सच्या नाक्यावर ते स्वतः जाऊन आले. तिथल्या ड्रायव्हरने नकाशा भिंतीवर लावून घेतला. "हे आम्हाला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. नकाशा देऊन ते परत आले.

महिन्याने पालिकेची नोटीस निघाली. घर क्रमांक आठ येथील रहिवाशाने शासकीय पाटी विनापरवाना काढली आहे, पंधरा दिवसांत खुलासा करावा. नाव दातवाल्यांचं होतं. पण आता आठ नंबरचं घर गल्लीत एकच असल्याने पोस्टमनने ती बरोबर मास्तरीणबाईंना नेऊन दिली. बाईंनी ती दोनदा वाचली, पाकिटात परत घातली आणि वर वळणदार अक्षरात लिहिलं, "या नावाची व्यक्ती या क्रमांकावर राहत नाही." आणि पोस्टाच्या पेटीत टाकली. ती वीस दिवसांनी परत आली. बाईंनी परत धाडली. हे त्यांनी वर येऊन ताईच्या खाटेशी बसून सांगितलं तेव्हा ताई तोंडाच्या डाव्या अर्ध्याने इतकी हसली की तिला ठसका लागला. दातवाल्यांना हसू आलं नाही. तिच्या पाठीवर हात फिरवत ते एवढंच म्हणाले, "केव्हातरी त्यांच्या लक्षात येईल."

बाई आता रोज अकराला येऊ लागल्या होत्या. ताईला शब्द शिकवायचा त्यांनी विडा उचलला होता. नद्यांची नावं, डोंगरांची नावं, आणि ताई प्रत्येकाला म्हणायची तसं नाही. फोनही त्याच घ्यायच्या. डॉक्टर लोक त्यांना ताईपेक्षा जास्त भ्यायला लागले, आणि गेलेल्यांतला एक परत आला. तरी फोन वाजला आणि बाई "हॅलो" म्हणाल्या की दातवाल्यांचे हात मेणावर थबकायचे. आवाज दुसराच यायचा.

एक दिवस हातात टेप आणि पाठीला पिशवी अडकवलेली एक तरुणी दारात उभी राहिली. मोजणीला आले म्हणाली. हातातल्या कागदावर बघून म्हणाली, "हे घर आठ ना?"

"तुमच्या कागदावर काय आहे?"

"आठ. पण दारावर वीस दिसतंय."

"कशाची मोजणी आहे?"

"दुसरा टप्पा, काका. पहिल्या टप्प्यात ज्या गल्ल्या पूर्ण झाल्या त्यांना आता अक्षरं देणार. नंबराच्या पुढे अ, ब, असं. म्हणजे गोंधळ होणार नाही."

आत मास्तरीणबाई ताईला सांगत होत्या, "ही नदी म्हण." दातवाल्यांच्या हाताला ओलं प्लास्टर लागलेलं होतं. ते दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून हात अधांतरी धरून ते त्या मुलीकडे बघत राहिले. तिचा दोष नव्हता. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले, वय फार तर पंचवीस, बूट धुळीने भरलेले. ओरडावं असं वाटत होतं पण ज्याच्यावर ओरडावं असं तिथे कुणीच नव्हतं.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "सगळ्या सत्तावीस घरांना एकाच दिवशी पाट्या लावणार असाल तरच या घराला हात लावू देईन. एक घर जरी राहिलं तरी नाही."

"शेऱ्याची जागा एवढीशीच आहे, काका."

"मग मागच्या बाजूला लिहा."

तिने कागद उलटा केला, गुडघ्यावर धरला आणि लिहायला लागली. दातवाले शेवटच्या शब्दापर्यंत उभे राहिले. तिने लिहिलेलं त्यांनी वाचून घेतलं, "तरच"चा च राहिला होता तो घालायला लावला, आणि मग प्लास्टर घट्ट व्हायच्या आत टेबलाकडे वळले.